ओवाळणीतली डबी

आंबेनळी घाटात दरड कोसळली की सरकारी जीप यायच्या आधी जो माणूस फावडं घेऊन रस्त्यात उभा दिसतो, तो येसाजी. बांधकाम खात्याचा मैलकुली. गटारं उपसायची, दगड हटवायचे, वळणावरच्या कठड्यांना चुना फासायचा, हे त्याचं काम. महाबळेश्वरला निघालेली माणसं गाडी थांबवून धुक्याचे फोटो काढतात आणि हा मध्ये आला तर हातानेच बाजूला हो म्हणून खुणावतात. येसाजी बाजूला होतो. भांडण हा त्याचा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर ते त्याला परवडणारंही नव्हतं. कारण हा माणूस रागावला, घाबरला किंवा फार धावला की त्याचं हृदय ताल सोडायचं.

हे त्याला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की त्यांच्या घराण्यात माणसं चालता-बोलता जातात. बाप सुटलेल्या रेड्यामागे डोंगर चढत धावला आणि रेडा परत आला, बाप आला नाही. धाकटा भाऊ मालोजी शिमग्यात वाघजाईची पालखी खांद्यावर नाचवता नाचवता गुडघ्यावर बसला, तो पुन्हा उठला नाही. वाडी रडली, पण त्या रडण्यात थोडा अभिमानही होता. देवीने आपल्या हाताने उचलला, असं लोक म्हणाले. मालोजीच्या आईलाही ते पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आणि ती बिचारी मान हलवत राहिली. देवीला दुसरा कुणी दिसला नाही का, असं विचारायची त्या माउलीची छाती झाली नाही. माझी झाली असती, पण मला कोण विचारतो!

पुढे आईही गेली. मागे उरली दोघं. येसाजी आणि वरंधला दिलेली त्याची थोरली बहीण रखमा. तिचा नवरा मुरारी मुंबईत एका कँटीनमध्ये आचारी, गौरी-गणपतीला घरी येणारा. मूलबाळ नाही. बाप गेल्यावर येसाजीला न्हाऊमाखू घालून मोठा केला तो ह्या आक्कानेच, आणि अजूनही तो समोर आला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघते, जेवलाय की नाही ते. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. येसाजीला जगात वाघजाईनंतर कुणाचा धाक असेल तर आक्काचा, आणि कुणावाचून जगणं त्याला जमणार नव्हतं तर तेही तिच्याचवाचून. बायको आणि दिशा ही लेक आहेतच. पण आपण मेलो तर कुणीतरी मागे उरतं. आक्का गेली तर आपण कुणाचे, हे त्याला कळत नसे.

आजाराचा पत्ता लागला तो एका दगडाने. पावसाळ्यात वरून धोंडा सुटला, येसाजीच्या हातभर पलीकडून दरीत गेला, त्याला चाटूनही गेला नाही. तरी येसाजी आडवा. सोबतचे हसले, मर्दा, नुसत्या वाऱ्याने पडलास म्हणाले. पोलादपूरच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तो निर्दोष. महाडला काढला, तोही निर्दोष. तिथल्या डॉक्टरांनी पाठ थोपटून सांगितलं, की तुमचं हृदय माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

महाडच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईहून हृदयाच्या डॉक्टर यायच्या. डॉ. अफरीन. महाडचीच मुलगी, ट्रकवाल्या सईदभाईंची. त्यांनी तो कागद पाहिला आणि बाजूला ठेवला.

"येसाजीकाका, तुमच्या घरात कोण कसं गेलं, ते सांगा."

येसाजीने रेड्याचं सांगितलं, पालखीचं सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. इतक्या वर्षांत त्या मरणांची गोष्ट कुणीतरी पहिल्यांदाच देवीला मध्ये न घेता ऐकत होतं.

मुंबईच्या रुग्णालयात त्यांनी त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. छातीला तारा लावलेल्या, समोर पडदा. पट्टा सावकाश होता तोवर पडद्यावर एकसारख्या टेकड्या सरकत होत्या. पट्ट्याने वेग घेतला, चढ लागला, आणि टेकड्या बिघडल्या. एक ठोका वर, दुसरा उलटा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. जोताच्या दोन बैलांनी दोन बाजूंना ओढावं तसं ते हृदय स्वतःशीच झोंबत होतं. बाईंनी लगेच पट्टा थांबवला.

"हे बघा, हे तुमच्या वडिलांना नेणारं," त्या म्हणाल्या. "बसल्या माणसात हे कधीच दिसत नाही. धावल्यावर, घाबरल्यावर बाहेर येतं. फार वेळ चाललं तर हृदय नुसतं थरथरत राहतं, आणि मग सगळंच थांबतं."

येसाजी पडद्याकडे बघतच राहिला. बापाचं मरण, मालोजीचं मरण, असं हिरव्या रेघेत उमटलेलं त्याने पाहिलं आणि नकळत हात जोडले. कुणाला जोडले ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

रोग घराण्यातून उतरणारा, म्हणून मग घरच्यांनाही पट्ट्यावर चालवणं आलं. दिशाचं हृदय निर्मळ निघालं. बाईंनी रक्त तपासूनही तेच सांगितलं, तेव्हा येसाजी रुग्णालयाच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. आक्काचं मात्र त्याच्यासारखंच, किंबहुना जास्त. तिचे ठोके चढ लागायच्या आधीच उलटेसुलटे व्हायला लागले. पट्ट्यावरून उतरताना ती म्हणाली, "फुकटचा चालवला. इतक्यात वरंध ते बिरवाडी झाला असता."

दोघांना रोजची एक गोळी सुरू झाली, हृदयाला लगाम घालणारी. ती बरी होती, पण पुरी पडत नव्हती. आणखी एक औषध होतं, दुसऱ्या कुठल्या आजारासाठी वापरात असलेलं. ते ह्या आजारात खरंच वाचवतं की नुसतं वाटतं, ह्याची चाचणी चालली होती. बाईंनी दोघांना समोर बसवून सगळं फोडून सांगितलं. जुनी गोळी चालू ठेवायची, नवी तिच्या जोडीला. पण नव्या डब्या दोन प्रकारच्या. एकीत औषध, दुसरीत नुसती भुकटी. रंग, आकार, चव, सगळं सारखं. काही महिने एक, मग काही महिने दुसरी. कुणाला आधी कुठली, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं.

"म्हणजे तुम्ही आमाला सांगणार नाय, कुठली खरी ती?" आक्काने विचारलं.

"मलाच माहीत नाही."

"तुमाला नाय म्हाईत? डाक्टर असून?"

"मुद्दामच नाही. मला कळलं तर मी तुमच्याकडे त्याच नजरेने बघेन. औषधवाल्याला जरा हसून विचारीन, भुकटीवाल्याला जरा काळजीने. तेवढ्यानेही खोट येते. ज्यांना माहीत आहे, ती माणसं वेगळ्या कचेरीत बसतात आणि त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही."

येसाजीला हे ऐकून देवळात आल्यासारखं वाटलं. थोडंफार कळणारी माणसंही गावभर मिरवतात, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. इथे एवढी शिकलेली बाई, खरं कळावं म्हणून आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधून बसली होती. दोघांनी सह्या केल्या. डब्यांची अदलाबदल करायची नाही, कुणाला द्यायच्या नाहीत, हे बाईंनी दोनदा बजावलं. दोघांनीही माना डोलावल्या.

नवी गोळी सुरू झाली आणि येसाजीच्या अंगात वारं शिरलं. पहिल्याच आठवड्यात तो म्हणायला लागला, की छाती मोकळी झाली. नाचणीचा भारा डोक्यावर घेऊन तो डोंगर उतरला. घाटात एका गाडीवाल्याने शिवी दिली तर ह्याने परत दिली. त्याच्या बायकोचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. आपल्याला खरी डबी लागली, ह्याबद्दल त्याच्या मनात शंकाच उरली नाही.

आणि नवरात्रात वरंधहून शेजारणीचा फोन आला, की रखमा अंगणात पडली.

येसाजी मिळेल त्या गाडीने धावला. म्हणजे धावला नाही, तेवढं भान होतं. आक्का ओटीवर बसली होती, कपाळाला हळद लावून.

"काय झाला नाय मला. शेवाळावरून पाय सरकला."

"चक्कर आली होती?"

"चक्कर नाय नि बिक्कर नाय. शेवाळ हाय अंगणात, बघ जा."

शेवाळ होतं. येसाजीने पाहिलंही. पण त्यांच्या घराण्यात साधं पडणं कुणी पडूच शकत नव्हतं. बाप पडला, मालोजी पडला, आता आक्का. ही आपल्याला घाबरवायचं नाही म्हणून शेवाळावर ढकलते आहे, हे त्याने मनात पक्कं केलं. भुकटी हिच्या वाट्याला आली. मी खऱ्या औषधावर डोंगर उतरतोय, आणि ही भुकटी गिळून अंगणात पडते. त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. बाईंना फोन करावा असं दहादा मनात आलं. पण बाई काय सांगणार? त्यांना तर माहीतच नाही.

मग भाऊबीज आली.

दिशाला घेऊन तो वरंधला गेला. आक्काने पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, कपाळाला टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. आणि येसाजीने खिशात हात घालून ताटात आपली गोळ्यांची डबी ठेवली.

ताट तसंच हातात धरून आक्का उभी राहिली. "हे काय?"

"ओवाळणी. माझी खरी हाय आक्का, मला कळतंय. तू घे. ओवाळणीला नाय म्हणता येत नाय."

तो मोठ्या वादाची तयारी करून आला होता. आक्का रागावेल, डबी फेकेल, चार गोष्टी सुनावेल, हे सगळं त्याने धरून ठेवलं होतं. पण तसं काहीच झालं नाही. आक्का डबीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, आणि तिचा चेहरा निवळला.

"बरा. घेते," ती म्हणाली. "पण माझी तू न्यायचीस. आणि फेकायची नाय. एक गोळी चुकवायची नाय. पोरीच्या डोक्यावर हात ठेव नि सांग."

भुकटी खायची शपथ! येसाजीला मनातून हसू आलं. पण बहिणीचं समाधान होत असेल तर भुकटी काय, चिखलही खाल्ला असता. त्याने दिशाच्या डोक्यावर हात ठेवला. घरी येताना एसटीत त्याला किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू! मालोजीला वाचवता आलं नाही, पण आक्काला आपण वाचवली. आता आपलं काही झालं तरी चालेल, असं त्याला खरोखर वाटत होतं.

शपथ त्याने पाळली. आणि गंमत म्हणजे, भुकटी सुरू झाल्यापासून छातीत पुन्हा धडधड व्हायला लागली, चालताना धाप लागायला लागली. त्याने ती मूग गिळून सोसली. जीव दिल्यावर तो थोडा तरी दुखणारच, असा त्याचा हिशेब.

दिवाळीनंतर काही आठवड्यांनी दोघांना मुंबईला तपासणीचं बोलावणं आलं. जाताना डब्या पुन्हा ज्याच्या त्याच्या पिशवीत गेल्या. आधी येसाजी पट्ट्यावर चढला. आता फजिती होणार, पडदा आपलं बिंग फोडणार, ह्या विचाराने त्याला घाम फुटला होता. पट्टा फिरला. वेग वाढला, चढ वाढला. टेकड्या एकसारख्या सरकत राहिल्या. मागच्या वेळी जिथे थांबवलं होतं, ती जागा मागे पडली. आणखी चढ. एकही ठोका उलटला नाही. बाईंनी शेवटी पट्टा थांबवला, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

येसाजी बाजूला खुर्चीवर बसला. भुकटीवर हृदय असं चालतं कसं?

मग आक्का चढली. पदर खोचून, नेहमीच्या तोऱ्यात. पट्ट्याने जेमतेम वेग घेतला असेल. वर, खाली, वर, खाली. "बंद करा," बाई म्हणाल्या. पट्टा थांबेपर्यंत ती रेघ दाटत गेली, टेकड्या एकमेकींवर चढल्या, आणि "काय नाय, चालू द्या" असं काहीतरी म्हणता म्हणता आक्काचे डोळे फिरले.

चार हातांनी तिला झेललं. पलंगावर घेतली, सुई टोचली, झटका द्यायचं यंत्र कुणीतरी ओढून आणलं. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला धडकलं नाही. जो तो आपली जागा ठाऊक असल्यासारखा उभा होता. येसाजीने पालखीखालून मालोजीला ओढलं होतं तेव्हा सगळा गाव ओरडत होता आणि कुणालाच काही करता येत नव्हतं. इथे मोजकी माणसं, जवळजवळ न बोलता, पडद्याकडे बघत मरणाशी दोन हात करत होती. ती दाटलेली रेघ लडखडली, तुटली, आणि मग तिच्यातून एक टेकडी उठली. थोड्या अंतराने दुसरी. मग तिसरी. झटक्याचं यंत्र तसंच राहिलं. आक्काने डोळे उघडले आणि पहिलं काय केलं असेल, तर पदर सारखा केला.

येसाजीने बाईंचे पाय धरले. "बाई, डब्या आमी बदलल्या. भाऊबीजेला. माझी खरी होती, ती मी आक्काला घातली. मग तिला हे झाला कसा?"

अफरीन बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. त्या बाहेर जाऊन त्या वेगळ्या कचेरीशी फोनवर बोलल्या. असा प्रसंग आला तरच उघडायचं ते गुपित त्यांनी उघडायला लावलं, आणि परत येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"काका, तुमच्या डबीत औषध नव्हतं. औषध आक्कांच्या डबीत होतं. भाऊबीजेपासून ते तुम्ही घेताय."

"मला बरं वाटत होतं, बाई. डोंगर उतरलो मी."

"वाटत होतं. खोटं नाही बोलत तुम्ही. आपल्याला काय मानवतंय, हे आपल्यालाच नीट कळत नाही. तुम्हाला नाही, मला नाही. म्हणून तर एवढा खटाटोप."

आक्काला वाचवायला म्हणून त्याने तिच्या तोंडातलं औषध काढून स्वतः खाल्लं होतं. तेही पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. दोघं त्या चाचणीतून बाहेर निघाली. बाईंनी दोघांनाही खरं औषध उघडपणे सुरू केलं. आमचं नाव खोडून टाका, आमी घाण केली, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, खोडायचं काही नसतं. झालं ते जसं झालं तसं, चुकीसकट लिहायचं, तरच बाकीच्यांना उपयोग. हेही त्याला नवीनच होतं. त्याच्या गावात चूक एकतर झाकतात किंवा देवीच्या नावावर घालतात.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बाईंचा फोन आला. चाचणी संपली होती. बहुतेकांचे उलटे ठोके त्या औषधाने कमी झाले होते, आणि आता कुठल्या वाडीतल्या कुणा येसाजीला भुकटीवर दिवस काढावे लागणार नव्हते. येसाजीने फोन ठेवला आणि घाटातल्या त्या वळणावर, फावडं आडवं टाकून, कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. आपल्या बापाच्या मरणाचा कुणीतरी एवढा पाठलाग केला, ह्याचं त्याला राहून राहून नवल वाटत होतं.

भाऊबीजेला तो वरंधला गेला, पण पाटावर बसेना.

"मी नाय बसत, आक्का. मागल्या साली बसलो नि तुझा जीव घ्यायला निघालो होतो."

"बस गप."

तो बसला. आक्काने ओवाळलं. येसाजी खाली मान घालून राहिला, हात खिशाकडे जाईना. तेव्हा ती म्हणाली, "येसा, मी डबी कशी काय लगेच घेतली, कधी इचार केलास?"

त्याने मान वर केली.

"त्या गोळीनं माझ्या छातीतली फडफड थांबलेली. पयल्यापास्नं. शेवाळावरून खरंच सरकले होते मी. माझी चांगली हाय, हे मला कळत होतं, आणि नवरात्रापास्नं एकच घोर, ही येसाला कशी देऊ. बहिणीकडनं तू घेतली असतीस काय? आयुष्यात नाय. आणि तूच पाटावर बसून अदलाबदल काढलीस. मला वाटला, वाघजाई पावली."

"आक्का, अंदाज होता गो तो तुझा. माझ्यासारखाच."

"अंदाजच होता. पण तू तुझी खरी समजून दिलीस ना? मी पण माझी खरी समजून दिली. म्हणून शपथ घातली."

मुंबईत येसाजीने तिचं हृदय पडद्यावर पाहिलं होतं. एकेक ठोका, वर जाणारा नि खाली जाणारा. तारा लावून, यंत्रं लावून, इतक्या शहाण्या माणसांच्या मध्ये उभं राहून पाहिलं होतं. तरी ते आपण पाहिलंच नव्हतं, असं त्याला आत्ता वाटलं. डोळ्यांतलं पाणी टिळ्यापर्यंत यायचं तेवढं बाकी होतं, म्हणजे उलटं वाहिलं असतं तर.

"बघत काय बसलास? निरांजन इझत आला. ओवाळणी घाल."

त्याने पिशवीतून साडी काढून ताटात ठेवली आणि थोरल्या बहिणीच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दंडाला धरून सावकाश उभा केला.

"असा झटकन उठू नको," ती म्हणाली. "जेवलास काय?"